शॉर्टस्टॉप एकदम खाली

माझ्या देवघराच्या शेवटच्या फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात गणपती आहेत. मोजले नाहीत कधी, पण अडीचशेच्या वर असतील. सगळे लग्नपत्रिकांवरचे, कात्रीने कापून काढलेले. कोणी लाल, कोणी सोनेरी, कोणी नुसता एका रेघेत काढलेला. हे मला शालिग्राम भाऊजींनी आणून दिले. देवाचं चित्र कचऱ्यात टाकवत नाही, नर्मदाजीत कागद सोडू नये असं आता सगळेच सांगतात, म्हणून डबा तसाच राहिला आहे. पत्रिकांचं उरलेलं कोरं अंग भाऊजींनी बेसबॉलला वापरलं.

आमच्या चेरीताल मोहल्ल्यात बेसबॉल कुठून आला, ते सांगते.

शालिग्राम धोटे आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. आमचे हे आणि ते एकाच फॅक्टरीत होते. हे मशीनवर, ते स्टोअरमध्ये. चौतीस वर्षं त्यांनी नटबोल्टांपासून बेअरिंगपर्यंत माल सांभाळला. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड, त्याला बिन कार्ड म्हणतात. किती आला, किती गेला, किती उरला. कार्डावर बारा असतील तर खणात बाराच असले पाहिजेत. "एवढं जुळलं की रात्री झोप लागते, वहिनी," असं ते म्हणायचे. माणूस कमी बोलणारा, पण चोख.

त्यांची बायको अनसूया माझी मैत्रीण. ती अमरावतीकडची, इथल्या मराठी शाळेत शिकवायची. तिच्या घरात एकच कायदा होता: उंबऱ्याच्या आत मराठी. पण सगळी गल्ली हिंदी, दूधवाला हिंदी, मुलगा अजिंक्य हिंदीतच खेळून वाढला, आणि खुद्द भाऊजी फॅक्टरीतून अर्धी हिंदी घेऊन घरी यायचे. सगळ्यात जास्त भांडण एका शब्दावरून. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, मराठीत खाली म्हणजे तळाला.

अजिंक्य शाळेतून आला की म्हणायचा, "आई, डबा खाली आहे."

"खाली पडला असेल तर उचल."

"अगं खाली म्हणजे, खतम."

"मग रिकामा म्हण."

भाऊजी मुद्दाम पोराची बाजू घ्यायचे. "अनसूया, पाण्याचा ड्रम खाली आहे बरं."

"कशाच्या खाली?"

"तुझ्या शाळेच्या खाली."

मग तिघंही हसायचे. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. आमच्या घरात कमी हसणं होतं असं नाही, पण त्यांचं ऐकून मी हातातलं काम थांबवायची हे खरं.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात अनसूया गेली. अकरा दिवस आजारी होती, बस. अजिंक्य अमेरिकेहून आला, तेरावं करून परत गेला. तिकडे ओहायो नावाच्या राज्यात त्याची नोकरी. त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी साडेसातला त्याचा फोन यायचा. भाऊजींना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. मी रविवारी त्यांना भाजीचा डबा देते, तेव्हा बहुतेक तो फोन चालूच असायचा.

"जेवण झालं, बाबा?"

"झालं."

"गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या."

"बाई येऊन राहिली ना कामाला?"

"येऊन राहिली."

"अच्छा. चलो, ठेवतो."

दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांसाठी भाऊजी सहा वाजता हातपाय धुऊन, धुतलेला शर्ट घालून बसायचे. दोघांनाही बोलायचं असावं. पण बोलणं चालवायचं काम आजवर अनसूयेचं होतं, तेव्हा या दोघांना ते येतच नव्हतं.

मग एका फेब्रुवारीत अजिंक्य म्हणाला, "बाबा, आमची बेसबॉलची एक लीग आहे, ऑफिसवाल्यांची. एक जण सोडून गेला. एक जागा खाली आहे. तुमचं नाव टाकू? बाकी मी बघून घेईन."

"खाली आहे तर भर," भाऊजी म्हणाले.

ही लीग म्हणजे काय, ते मला भाऊजींनीच चहा पिता पिता समजावलं. खरे खेळाडू तिकडे खरे सामने खेळतात. हे बारा जण घरी बसून त्यातले खेळाडू निवडून कागदावर आपापला संघ करतात. एक खेळाडू एकाच संघात. तिकडे तो जसा खेळेल तसे इकडे गुण. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत चालतं. सुरुवातीला ज्या दिवशी सगळे एकत्र बसून पाळीपाळीने खेळाडू उचलतात, त्या दिवसाला ड्राफ्ट म्हणतात. पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसऱ्या फेरीत उलटं बारा ते एक. मी मझौलीच्या शेतात लहानाची मोठी झाले, म्हणून मला ते लगेच समजलं. नांगर बांधापर्यंत जातो आणि तिथूनच उलटा फिरतो, तसं.

नुसतं नाव द्यायचं ठरलं होतं, पण खणात काय आहे हे न बघता सही करणारा हा माणूस नाही. त्यांनी बेसबॉल शिकायला घेतला. अजिंक्यच्या जुन्या लॅपटॉपवर सामने बघायचे आणि कार्डं करायचे. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, लग्नपत्रिकेच्या पाठीवर. नावं उच्चारता येत नव्हती, तर देवनागरीत लिहून खाली आपलं टोपणनाव. कोणी डावरा, कोणी घोरपड, कोणी जावई.

"जावई काहून हो?" मी विचारलं.

"मान मोठा. काम काहीच नाही करून राहिला दोन वर्षांपासून."

"आणि हा घोरपड?"

"हा बेस चोरतो. नजर चुकवून पुढच्या टप्प्याला सरपटत जातो."

"चोरतो? ओमतीच्या पोलीस ठाण्यात द्या मग."

ते हसले. अनसूया गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं, आणि घरी येऊन देवापुढे उगाच एक वात जास्त लावली.

पहिल्या वर्षी त्यांचा नंबर बारावा आला. संघाचं नाव 'चेरीताल स्टोअर्स'. दुसऱ्या वर्षी सातवा. पण खरी गोष्ट रविवारची. दोन मिनिटांचा फोन दहाचा झाला, वीसचा झाला, चाळीसचा झाला.

"बाबा, तुमचा डावरा काल पिटला."

"पिटला तर पिटला. तुझ्या तिसऱ्या बेसवाल्याचा गुडघा गेला म्हणते, ते बघ."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझं स्टोअर आहे, मला सगळं माहीत असते."

लीगवाल्यांनी यांच्यासाठी एक वेगळा नियमच केला. बाकी कोणीही दोघं आपापसांत खेळाडू अदलाबदल करू शकतात, पण बाप आणि मुलगा करू शकत नाहीत. उगाच संशय नको म्हणून. भाऊजींना तो नियम पटला होता. "बरोबरच आहे. स्टोअरकीपरने घरच्याला माल नाही द्यायचा."

यंदा जानेवारीत अजिंक्य म्हणाला, "बाबा, नवी नोकरी आहे, टाइम नाही. लीग मीच चालवतो ना, सगळ्यांच्या मागे लागा, ड्राफ्ट लावा, भांडणं सोडवा. बंद करून राहिलो यावर्षी."

भाऊजी "ठीक" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी डबा न्यायला गेले तर भाजी तशीच होती.

"बरं नाही का?"

"बरा आहे." मग म्हणाले, "वहिनी, हे बंद झालं तर रविवारी आम्ही बोलू काय?"

मी रिकामा हात फिरवून ओटा पुसला.

त्या रविवारी त्यांनीच मुलाला सांगितलं, "मी चालवतो ड्राफ्ट."

"तुम्ही? बाबा, दहा अमेरिकन आहेत, सगळे कटकटे."

"फॅक्टरीत हजार होते."

शेवटी ठरलं असं की यंदाचा ड्राफ्ट भाऊजींनी चालवायचा. तो नीट पार पडला आणि बाकीच्यांना पसंत पडला, तर लीग राहील. नाही तर यंदाचं वर्ष शेवटचं.

मग जी तयारी सुरू झाली ती मुलीच्या लग्नाची असावी अशी. नियमांचे दोन कागद छापून भिंतीला. दहा जणांना निरोप, उत्तर नाही आलं तर दुसरा निरोप, तिसरा निरोप. त्यांचं इंग्रजी फॅक्टरीचं. "काइंडली कन्फर्म युवर अटेंडन्स, नो एक्स्क्यूज विल बी एंटरटेन्ड." आमचे हे म्हणाले, "शालिग्राम, ड्राफ्ट आहे का इन्क्वायरी आहे?" पण दहाच्या दहा जणांची हजेरी आली.

कोणी कितवी पाळी घ्यायची, त्याची चिठ्ठी काढायची होती. भाऊजींनी गजानन महाराजांच्या फोटोपुढे स्टीलच्या वाटीत बारा चिठ्ठ्या टाकल्या, मोबाइल चालू केला आणि मला उचलायला लावल्या. मी महाराजांना नमस्कार करून एकेक उचलली. ते चित्रीकरण सगळ्यांना पाठवलं. एकाने विचारलं, हा फोटोतला माणूस कोण? भाऊजींनी उत्तर लिहिलं, "विटनेस." कोणी पुढे काही विचारलं नाही.

ड्राफ्ट मार्चमध्ये, तिकडच्या शनिवारी रात्री आठला. म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेपाच. त्यातच अजिंक्यला नव्या नोकरीसाठी नेमकं त्याच वेळी विमानात बसायचं होतं, देशाच्या दुसऱ्या टोकाला. तो म्हणाला, "माझी टीमही तुम्हीच निवडा, बाबा. निघण्याआधी काय पाहिजे ते सांगून ठेवतो."

मला भाऊजींनी हाताखाली बोलावलं होतं. लॅपटॉपवर सगळं दिसतच होतं, पण त्यांचा भरवसा कार्डावर. जो खेळाडू गेला त्याचं कार्ड मी खणातून काढायचं, एवढंच माझं काम. चार वाजता उठून आंघोळ केली, दिवा लावला आणि पाचला त्यांच्याकडे गेले. टेबलावर दोन खोकी. एकात त्यांनी स्वतःसाठी हेरलेल्या खेळाडूंची कार्डं, एकात मुलासाठी हेरलेल्यांची. मुलाच्या खोक्यावर अनसूयेच्या जुन्या साडीची किनार चिकटवलेली होती. ओळखू यावं म्हणून, असं ते म्हणाले.

पाच वाजून पाच मिनिटांनी अजिंक्यचा आवाज आला फोनवर, रेकॉर्ड करून पाठवलेला. मागे विमानतळाचा गोंगाट. "बाबा, आता बंद करतो फोन. पिचर आधी घ्या. शॉर्टस्टॉप एकदम खाली ठेवा. बाकी तुम्हाला कळतं."

पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा. माझ्या हातात मुलाच्या शॉर्टस्टॉपांची नऊ कार्डं होती. मी ती उचलली आणि त्याच्या खोक्यात गड्डीच्या तळाशी सरकवली. एकदम खाली ठेवा, म्हणजे शेवटी घ्या. मला तेच समजलं.

भाऊजींनी ती तळातून काढली, रबर लावलं आणि बाजूच्या स्टुलावर ठेवून दिली.

"ती नकोत त्याला. ती जागा खाली ठेवा म्हणून राहिला. मागच्या वर्षी लीगमधल्या त्या दाढीवाल्यानेही एक जागा अशीच सोडली होती आणि नंतर भरली. याच्याही डोक्यात काही असंल."

मला एकदा वाटलं म्हणावं. पण मी कोण बेसबॉलमधलं बोलणारी? मला तर घोरपड आणि जावई सोडून नावंही पाठ नव्हती. मी गप्प बसले. हे लिहायला बसले तेव्हा ते गप्प बसणंच पहिलं लिहायचं होतं मला, पण इथवर आल्यावरच लिहिता आलं.

साडेपाचला सुरू झालं. प्रत्येकाला दीड मिनिट. बावीस फेऱ्या, बारा संघ. मी सांगते, मी आयुष्यात पुष्कळ कार्यं पाहिली, पण एवढं शिस्तीत चाललेलं कार्य पाहिलं नाही. कोणाची पाळी आली की भाऊजी आधीच त्याला लिहायचे, "यू आर नेक्स्ट, बी रेडी." एकाचं इंटरनेट गेलं तर सगळ्यांना थांबवलं, नियम क्रमांक नऊ दाखवला, तो परत आल्यावर पुढे. दोघं एका खेळाडूवरून भांडायला लागले तर वेळ दाखवून मिटवलं. मी कार्डं काढत होते. भाऊजींच्या कपाळावर घाम होता आणि डोळे लखलख करत होते. बाहेर उजाडलं, दूधवाला येऊन गेला, आमच्या ह्यांनी खिडकीतून विचारलं, "चहा मिळेल का आज या देशात?"

शेवटच्या फेरीत एकाने लिहिलं, "मिस्टर धोटे, तुमच्या मुलाकडे शॉर्टस्टॉप नाही. ही काही चाल आहे का?"

भाऊजींनी टाइप केलं, "अ‍ॅज पर इन्स्ट्रक्शन." आणि मुलासाठी बाविसावा एक जास्तीचा पिचर घेतला.

साडेआठच्या आत सगळं संपलं. मग निरोपांवर निरोप यायला लागले. इतका वेळेवर ड्राफ्ट आजवर झाला नव्हता म्हणे. त्या दाढीवाल्याने लिहिलं की पुढच्या वर्षीही हेच चालवतील, कोणाची हरकत? कोणाचीच नव्हती. भाऊजींनी मला ते वाचून दाखवलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"राहिली लीग, वहिनी."

"महाराजांची कृपा."

"हो. आणि कार्डांची."

त्या संध्याकाळी साडेसातला फोन आला नाही. आठला एक ओळ आली: "पोहोचलो. बघतो." मग अर्ध्या तासाने दुसरी: "बाबा, शॉर्टस्टॉप??"

भाऊजींनी लिहिलं, "खाली ठेवला. जसं सांगितलं."

त्यावर उत्तर नाही. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, बस.

तो आठवडा मी विसरणार नाही. त्यांचा फोन दिवसभर वाजत राहायचा. त्याआधी चार-चार दिवस वाजत नसे. आता लीगचे प्रमुख ना ते! कोणाचा खेळाडू जखमी, कोणाला नियम समजावून हवा, कोणाला दुसऱ्याची तक्रार करायची. टुण झालं की भाऊजी लगबगीने बघायचे.

"अजिंक्य?" मी विचारायची.

"नाही. टेक्सासवाला."

पुन्हा टुण.

"अजिंक्य?"

"दाढीवाला."

बुधवारी मी गेले तर ते टेबलाशी बसून दोन कार्डांकडे बघत होते. त्यांच्या स्वतःच्या संघात दोन शॉर्टस्टॉप होते, दोन्ही बरे. मुलाकडे एकही नव्हता. उरल्यासुरल्यांतून जो मिळाला तो त्याने उचलला होता, पण तो म्हणजे आपला जावईच.

"यातला एक त्याला देता आला असता," ते म्हणाले.

"द्या ना मग."

"नियम आहे. बापलेकांत नाही." मग म्हणाले, "मी याला नुसतं सोडून दिलं तर तो उचलू शकते. कोणाला समजणारही नाही."

त्यांनी कार्ड उचललं, दोनदा उलटंपालटं केलं आणि परत आपल्या खोक्यात लावलं. "नाही. बिना इंडेंट माल नाही निघत. मागणीचा कागद लागते."

मुलाच्या खोक्यात त्यांनी एक कोरं कार्ड लावून ठेवलं होतं. वर 'शॉर्टस्टॉप' आणि समोर स्टोअरच्या पद्धतीने 'नील', म्हणजे शून्य. त्या कार्डावरून गणपती कापायचा राहून गेला होता. बहुतेक लक्षात नसेल आलं.

शुक्रवारी माझ्याच्याने राहवलं नाही. "भाऊजी, एक सांगू? मला त्या दिवशी वाटलं होतं की तो तळाला ठेवा म्हणतो. शेवटी घ्या, असं."

त्यांनी मान हलवली. "नाही, वहिनी. अजिंक्य खाली म्हणते ना, ते खालीच असते. पोराची बोली मला नाही माहीत तर कोणाला?"

रविवार आला. मी मुद्दाम साडेसातच्या आधी डबा घेऊन गेले. फोन वाजला. या वेळी अजिंक्यच होता.

"बाबा."

"बोल, बेटा."

"जेवण झालं?"

"व्हायचं आहे."

मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

"बाबा, मी खाली ठेवा म्हटलं होतं."

"मग खालीच ठेवला ना. एकदम खाली. कोणालाच नाही घेतलं."

"ते खाली नाही, बाबा." त्याचा आवाज हळू झाला. "मराठीतलं खाली."

भाऊजींचा हात फोनकडे गेला आणि मधेच थांबला.

"यावर्षी शॉर्टस्टॉप भरपूर होते," अजिंक्य सांगत होता, "म्हणून शेवटी घ्या म्हटलं. तळाला."

"तू कधीपासून मराठीतलं म्हणायला लागला?"

"आईचे व्हॉइस मेसेज आहेत ना माझ्याजवळ. शंभरेक असतील. गाडी चालवताना ऐकत असतो. एकामध्ये मी तिला फ्रिज खाली आहे म्हटलं होतं, तर किती ओरडली आहे. 'फ्रिज जमिनीवरच असतो रे गाढवा, रिकामा म्हण.' ऐकून ऐकून तसंच यायला लागलं तोंडात. मला वाटलं, तुम्हाला समजेल. इथं मराठीत सांगायला दुसरं आहे कोण?"

भाऊजींनी फोन जरा जवळ ओढला. मग म्हणाले, "मला वाटलं, तू हिंदीत बोलून राहिला."

"हां."

"रागावला का?"

"नाही, बाबा. शॉर्टस्टॉपच तर आहे. लीगवाले हसले सगळे, पण ते ठीक. फोन यासाठी नाही केला की... मला समजतच नव्हतं काय बोलू." मग तो जरा मोकळा होऊन म्हणाला, "अच्छा, लीग आता तुमची. मस्त केलं तुम्ही, सगळे म्हणतात. आज बेसबॉल राहू द्या. दुसरं काही बोला ना."

आता बोलतील, असं मला वाटलं. मला वाटलं, भाऊजी म्हणतील, तिचा एखादा मेसेज मलाही पाठव. त्यांच्याजवळ तिचा एकही नव्हता. एका घरात राहणाऱ्या माणसाला कोण मेसेज करतं? त्यांचे ओठ हललेही. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. तिकडे अजिंक्यच्या खोलीतलं कुठलं तरी यंत्र घरघरत होतं, तेही ऐकू येत होतं.

"तुझं जेवण झालं?" भाऊजींनी विचारलं.

"बाबा, इथे सकाळ आहे."

"हां. सकाळ."

"चलो, ठेवतो मग. गोळ्या घ्या."

नऊ मिनिटं झाली होती, त्यातली निम्मी मुकी.

फोन ठेवल्यावर भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, अनसूया हो... ती मलाही ओरडायची ना, या खालीवरून?"

"तुम्हालाच जास्त."

"मी तिला चिडवायला म्हणायचो तेव्हा."

"माहीत आहे."

"आता चिडवायला नाही म्हणत. आता तसंच येते तोंडात. दिवसभर दूधवाला, भाजीवाला, बाई, सगळे हिंदी. घरात कोणी टोकतच नाही." मग त्यांनी जे म्हटलं ते मी घरी आल्यावर ह्यांनाही सांगितलं नाही, पण इथे लिहिते. ते म्हणाले, "पोरगं तिकडे जाऊन आईचं बोलायला लागलं, आणि मी इथे बसून विसरलो."

मी देवाचं नाव घेऊन उठले. दुसरं काय करणार होते?

हे लिहिते आहे तेव्हा मे महिना संपत आला आहे. लीग चालू आहे. चेरीताल स्टोअर्स पाचव्या नंबरावर आहे आणि अजिंक्यचा संघ बाराव्या. अमेरिकनांचे निरोप येत असतात; भाऊजी सगळ्यांना उत्तरं देतात, नियम क्रमांकासकट. रविवारी साडेसातला फोन येतो. कधी चार मिनिटं, कधी सहा. बेसबॉलचं ते आता बोलत नाहीत, का ते मला माहीत नाही. दुसरं बोलायचं ठरलं आहे आणि ते अजून सापडत नाही. तरी फोन लगेच ठेवत नाहीत कोणी. नुसते धरून बसतात. मेसेजचं भाऊजींनी अजून विचारलेलं नाही. मी दोनदा आठवण करून दिली, तर म्हणाले, "विचारीन. त्याचे आहेत ते."

ते कोरं कार्ड अजून मुलाच्या खोक्यात आहे. मी त्यावरचा गणपती मागितला नाही.

काल सोमवार. मी डबा न्यायला गेले. भाऊजींनी तो धुऊन, पुसून, झाकण लावून तयार ठेवला होता. माझ्या हातात देताना म्हणाले, "घ्या वहिनी, डबा खा..." आणि थांबले. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले, वर्गात उत्तर आठवणारं पोर उभं राहतं तसे.

"रिकामा," ते म्हणाले. "रिकामा झाला."

मी डबा घेतला आणि घरी आले.